पाळी

बेअरिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं,
मूठ कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यावर.
बावीस वर्षं असाच ऐकतोय
शुऐबाच्या किनाऱ्यावर, खारं पाणी गोडं करणारे पंप:
हा काढेल महिना, हा नाही काढणार आठवडा.

स्वतःचं तेवढं ऐकू आलं नाही.

पहिल्यांदा सुटलं ते दाढी करताना.
ठेका म्हणून नाहीच,
पत्र्यावर मूठभर वाटाणे ओतावेत तसं काहीतरी.
मग मांडीतून नळी घालून आत डाग दिले,
आमच्याकडे गुरांना देतात तसे. दोन वेळा.
दोन्ही वेळा सात-आठ महिने बरे गेले,
पुन्हा वाटाणे.

आता डॉक्टर मुनीरा म्हणतात, हृदयाला हात नको,
त्याला चिथावणारी नस आहे, तिची समजूत काढू.
तिची एक फांदी म्हणे कानात येते. कुठे, ते सांगणार नाहीत.
तिथे चिमटा. रोज तासभर. मुंगी चालेल एवढाच करंट.
प्रयोग आहे, गुण येईलच असं नाही,
हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि हेही,
की निम्म्यांचा चिमटा नस नसलेल्या जागी लागेल.
मुंगी तीच, तास तोच, हिरवा दिवा तोच.
कागद अरबीत आणि इंग्रजीत.
मी मराठीत सही केली.

लिजी सिस्टरने चिमटा लावला तो पाळीला.
मी तिच्याकडे पाहिलं. ती मशीनकडे.

तेव्हापासून रात्रपाळी संपवून येतो,
आणि खाटेवर बसून कानाची पाळी भरतो.
आवाज कुठून आत शिरतो ते मला ठाऊक आहे,
बावीस वर्षं मूठ तिथेच टेकवली.
पण चिमटा सरकवत नाही.
सरकवला तर हिशेब कुणाचा चुकेल?
माझ्यासारखाच कुणी
सालमियात, जहरात, खरी मुंगी कानात घेऊन बसला असेल,
त्याचं बरं होणं मोजायला
कुणीतरी बरं न झालेला लागतो.

काल पहाटे पुन्हा ओतले वाटाणे.
रोडेल उठला. काही विचारलं नाही,
पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर काढला,
टोकाला रुमाल गुंडाळून माझ्या छातीवर ठेवला
आणि मूठ स्वतःच्या कानाला.
बराच वेळ ऐकलं.

"चार नंबर," म्हणाला.

चार नंबरचा पंप आम्ही दोघांनी
गेल्या रमजानपासून मोडीत काढलाय.
अजून पाणी देतो.