नमुना क्रमांक एक्केचाळीस

पांझरेच्या बंधाऱ्यातून फडाचा पाट निघतो
तिथं मी वीस लिटरचा कॅन बुडवला, तेव्हा
पाटकरी उखर्डू आप्पा काठावर तंबाखू मळत होता.
"काय दखी राहिनात ताई पानीमा?"
जनावर, मी म्हटलं.
तो हसला. "जनावरे तठे शेतस. मेंढ्याच, दुसरं काय."

त्या पंधरवड्यात चौदा पोरं दवाखान्यात गेली होती.
टीसीएल टाकली, मग दुप्पट टाकली,
पाण्याला वास आला, हगवण थांबली नाही.
तेव्हा गावानं मकन ठेलाऱ्याला उठवलं,
दोनशे मेंढ्या, तीन घोड्या, घोडीवर बांधलेलं लेकरू,
आणि पंचायतीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं:
मेंढ्यांना पाटावर बंदी.

तो निघायच्या पहाटे मी वाघुरीतल्या लेंड्या
चिमट्यानं उचलत होते.
त्यानं एवढंच विचारलं,
"यातून कळतं का, कुणाचं?"
कळतं. वेळ लागतो.
वेळ त्याच्याकडे नव्हता.

हिंमतराव देवऱ्यांच्या गोठ्यातही गेले, नियम म्हणून.
दोन गाई आठवड्याच्या अंतरानं व्यालेल्या.
धाकटीचा खरवस वहिनींनी पुढं केला, वेलची जरा जास्त.
थोरलीचं वासरू माझी बोटं चाटत राहिलं,
खरखरीत, गरम.
शेपटीखाली पिवळं, पातळ.
तेही घेतलं.

मिलिमीटरचा दोनशेवा भाग, एवढासा गोल.
कवच असं की क्लोरीन नुसतं ओघळून जातं.
ते फोडायला गोठवायचं, कढत पाण्यात धरायचं,
पुन्हा गोठवायचं,
हात बधिर होईपर्यंत.
मग आतला धागा सुटतो
आणि यंत्र त्याच्या प्रती काढत बसतं,
तलाठ्यानं एकाच उताऱ्याच्या लाखभर काढाव्यात तशा.

जांभळ्या उजेडात पट्ट्या उमटल्या.
मेंढ्यांचीही एक होती, लपवत नाही.
पण ती मेंढ्यांचीच,
पाण्यात नाही, पोरांत नाही.
पाटाचं पाणी, चौदांतली अकरा पोरं
आणि नमुना एक्केचाळीस:
साडेआठशे अक्षरं, अक्षराला अक्षर.

मी बोटं धुतली. आधी धुतलेलीच होती.

अहवाल हिंमतरावांनी उभ्यानंच घेतला,
चष्मा नाही म्हणाले, वहिनींकडे दिला.
त्या बराच वेळ गोठ्याच्या मोरीकडे बघत होत्या.
मोरी सरळ पाटात उतरते.
"सासऱ्यांपासून अशीच आहे," त्या म्हणाल्या.
आणि आप्पा, तंबाखू तशीच मुठीत:
"मंग आते त्याले कोन सांगी?"

मकन साक्रीपुढं गेला म्हणतात.
कुणी म्हणतं, गुजरातेत.
फोन लागत नाही.
मोरी बुजवली, शोषखड्डा खणला, वासरं वरच्या अंगाला बांधली.
गेरू तेवढा कुणी पुसला नाही,
पावसानं जाईल म्हणाले.

जळगावला फ्रीजरमध्ये, उणे वीसवर, एकच डबा.
सतराव्या खणात मकनच्या मेंढ्या,
एक्केचाळिसाव्यात ते वासरू,
जे आता शिंगं घासत असेल कुठल्यातरी खुंट्याला.