इंजिन

सकाळचे सहा चाळीस. पारा शून्याच्या पार खाली.
मिनेसोटातल्या आमच्या या रस्त्यावर
गाड्या आधी तापवत ठेवायची रीत आहे,
म्हणून एलेउतेरिओचा ट्रक धूर सोडत उभा होता
आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.
मी बर्फ लोटत होतो. माझाच. माझ्या हद्दीपर्यंत.
एकोणीस वर्षांच्या शेजारात
त्याच्याबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच:
छपरं दुरुस्त करतो,
शिडी मागितली तर नाही म्हणत नाही,
आणि फावडं माझ्याआधी उचलतो.

मग शिटी वाजली.
होडान रात्रपाळी संपवून औषधांच्या दुकानातून परतत होती.
महिनाभर तिच्या गळ्यात ती नारिंगी शिटी लोंबत होती
आणि मी मनातल्या मनात म्हणत आलो होतो,
हिला काय खेळाच्या तासाला जायचंय?

एकेक खिडकी उजळली.
कुणी सपातांत, कुणी अंगावर रजई ओढून,
वेंडेल तर दाढीचा अर्धा फेस तसाच घेऊन.
काळ्या काचांच्या दोन गाड्या, तोंडं झाकलेली सहा माणसं,
आणि मधे एलेउतेरिओ, हात ट्रकच्या बॉनेटवर.

मी दोन पावलं पुढे झालो.
"फावडं खाली ठेव," कॉर्लिसबाई म्हणाल्या.
ब्याऐंशी वर्षांच्या, तिसरीला शिकवायच्या.
आवाज तोच, खडू खाली ठेव म्हणणारा.
चर्चच्या तळघरात त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं,
मी सोडून. मी त्या संध्याकाळी मॅच बघत होतो.
फावडं बर्फात रोवलं.
रिकाम्या हातांचं काय करायचं असतं
ते मला कळेना,
मग शेजारच्याने केले तसे छातीपाशी उघडे धरले.

बाईंनी विचारलं, कागदावर सही कुणाची?
उत्तर आलं नाही.
त्यांनी पुन्हा विचारलं, तितक्याच हळू,
आणि वहीत वेळ लिहिली.
गाडीचा नंबर लिहिला. पुन्हा वेळ.
त्यांच्यातला एक पोरगा हातमोजे विसरून आला होता,
बोटं काखेत खुपसून उभा.
कुणी त्याला शिवी दिली नाही.
कुणी वाटही अडवली नाही.
आम्ही तीसेक जण नुसते तिथे होतो,
आणि तोंडातून वाफ निघत होती.

एलेउतेरिओ मोठ्याने स्वतःचं पूर्ण नाव ओरडला.
मग जन्मतारीख: तीन फेब्रुवारी.
वकिलाला शोधता यावं म्हणून ओरडायचं असतं,
हे मला नंतर कळलं.
तेव्हा वाटलं ते इतकंच,
अरे, हे मी कधी विचारलंच नाही.

चार मिनिटांत गाड्या गेल्या.
त्याला घेऊन गेल्या.
आम्ही काही थांबवू शकलो नाही, हे आधीच सांगतो,
नाहीतर ही गोष्ट उगाच गोड व्हायची.

इंजिन चालूच होतं.
बराच वेळ कुणी जवळ जाईना.
शेवटी मी आत बसलो. सीट गरम होती,
रेडिओवर कुणी स्पॅनिशमध्ये हवामान सांगत होतं.
किल्ली फिरवली
आणि रस्ता एकदम फार शांत झाला.

त्यानंतरचं सगळं किरकोळ आहे.
होडानने अंगातला कोटसुद्धा न काढता
यारेत्झीला शाळेत पोचवलं.
वेंडेल दुपारपर्यंत फोनवर होता, एका गालाला फेस वाळलेला.
मारीक्रूझच्या फ्रिजवर आता एक तक्ता आहे,
मंगळवार माझा: वाणसामान, आणि कुत्र्याला फिरवणं.
त्यांच्या दारापर्यंतचा बर्फ मी लोटतो.
हद्द नेमकी कुठे, ते बर्फात तसंही दिसत नव्हतं,
मी आपला अंदाजाने थांबायचो.
तीन फेब्रुवारीला अजून अकरा दिवस आहेत.
तो नसला तरी केक करायचा का,
यावर रस्त्यात दोन तट पडलेत.

आणि ट्रक.
या थंडीत रोज चालू केला नाही तर बॅटरी मरते.
पहिल्या दिवशी मी सहा चाळीसलाच किल्ली फिरवली,
आणि यारेत्झी अनवाणी धावत बाहेर आली.

तेव्हापासून मी थांबतो.
शाळेची बस वळणाआड जाईपर्यंत
किल्ली मुठीत धरून ठेवतो.