अर्धा इंच

माझ्याकडं पॅच म्हणजे ठिगळ.
कोपरावर विरलेलं, खिशाखाली फाटलेलं,
आतून कापड लावायचं, टीप बारीक घालायची,
तीस रुपये.
विजयमाला चौगुलेंनी पर्समधून काढला तो वेगळा:
तळहाताएवढा, बदामी, मागं चिकट.
पाकिटावर एकाच बाईच्या दोन कमरा
आणि खाली ओळ, झोपेत चरबी वितळते.

"रात्री बेंबीखाली लावायचा," त्या हळू बोलल्या,
दुकानात मी एकटीच होते, तरी.
"इचलकरंजीच्या नणंदेचे चार किलो उतरले म्हणे.
खरंच होतं का ओ असं?
तुम्ही तर रोज बायका मोजता."

मी काय सांगणार.
शुक्रवार पेठेत सव्वीस वर्षं गळ्यात टेप घालून उभी आहे.
बायका वाढताना पाहिल्यात, बाळंतपणानं, थायरॉइडनं,
बँकेतल्या खुर्चीनं.
उतरतानाही पाहिल्यात, आणि त्या वेळी
बहुतेकदा कारण विचारायचं धाडस होत नाही.
बाहेरून काही चिकटवून उतरलेली
माझ्या वहीत तरी अजून कोण नाही.
पण माझी वही म्हणजे काय जग नव्हे.
म्हटलं, "बघूया की. माप घेते, तारीख घालते."

कंबर साडेअडतीस.

महिन्यानं आल्या, तीसच्या तीस पॅच संपवून.
रंकाळ्याला फेऱ्या? "गुडघे ओ."
गंगावेशीतलं रात्रीचं दूध?
"ते सोडलं. म्हणजे, शनिवार सोडून."
टेप फिरवला. साडेअडतीस.
त्या आरशात बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या,
निकालाचा कागद हातात असलेल्या बाईंकडं
पोरगी बघते तशा.
आणि माझ्या अंगठ्यानं, मला न विचारता,
टेप जरा आवळला.

"अडतीस," मी म्हटलं.

काय फुलल्या!
कोपऱ्यावरनं भडंग आणलं, दोघींनी कागदावर पसरून खाल्लं.
निळा ड्रेस टाकला, याच मापानं शिवा म्हणाल्या,
आणि माझ्याच स्टुलावर बसून मोबाइलवर
दुसरं पाकीट मागवलं. अडीच हजार.
त्या अडीच हजारांत माझा अंगठा आहे,
हे मला रात्री भांडी घासताना कळलं.

पुढच्या खेपेला आल्या त्या खाजवत.
कुर्ता वर करून दाखवलं:
पोटावर लाल चौकोन, कडा इतक्या सरळ
की मला खडूनंसुद्धा तशा आखता येत नाहीत.
कंपनीवाला फोनवर म्हणाला, चरबी निघायची खूण आहे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डिंक सोसला नाही,
आणि पोट म्हणजे काय चाळण आहे का,
वर लावलं की आतलं गळायला?
"ते जाऊ दे," विजयमालाबाई म्हणाल्या,
"अडतीसचा ड्रेस मला बसताना का कचतोय, ते सांगा."

शेजारी पिको-फॉलचं मशीन चालू होतं.
ते थांबेपर्यंत मी थांबले.
मग म्हटलं, "टेप मी ओढला होता."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.
नुसत्या बसून राहिल्या, स्टुलावर,
पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत.
"अर्धा इंच?"
"अर्धा."
"मला महिनाभर हलकं वाटत होतं ओ," म्हणाल्या.
मग ड्रेस माझ्या पुढ्यात टाकला. "उसवा."

शिवणीच्या आत जादाचं कापड ठेवतात,
आम्ही त्याला माया म्हणतो.
दोन्ही अंगांना इंच-इंच मी सगळ्यांनाच सोडते,
अडतीसवाल्यांनाही, अठ्ठावीसवाल्यांनाही.
ब्लेडनं टीप काढली. आतलं निळं
बाहेरच्यापेक्षा गडद निघालं, धुण्याला न लागलेलं.
त्यांनी घालून बघितला, पडद्यामागं मोठा श्वास घेतला,
तो मला इकडं ऐकू आला.

वहीत अडतीस खोडलं.

जाताना उरलेले अकरा पॅच टेबलावर ठेवून गेल्या.
"फेकू नका. चिकट तर आहेत."
एक मी वहीच्या फाटक्या पुठ्ठ्याला लावलाय.
चार दिवस झाले,
कोपरासुद्धा सुटलेला नाही.