नऊ जिन्नस

तेक्ला म्हणते, माझं काहीतरी हरवलंय.
काय, ते सांगत नाही.
सांगितलं तर संताला काम काय उरणार?

बरोबर आहे.
म्हणून ऑगस्टच्या ह्या काहिलीत,
बेटावरची सगळी माणसं समुद्रात डुंबत असताना,
आम्ही दोघं खिडक्यांच्या झडपा ओढून
ओव्हन पेटवतो.
तिची आई पिरेअसच्या बोटीवर कॉफी ओतत असेल,
गुरुवारी येईल.
तोवर मी, आणि हा केक.
फानूरिओसचा. हरवलेलं उजेडात आणणाऱ्याचा.
अंडं नाही, लोणी नाही, जिन्नस नऊच,
आणि सगळा वाटून टाकायचा.
झाकून ठेवला तर पावत नाही.

मैदा. साखर. जैतुणाचं तेल.
संत्र्याचा रस, तिनेच पिळलेला;
बिया मोजून फ्रॉकच्या खिशात.
मनुका, अक्रोड, दालचिनी, चिमूटभर लवंग.
ती बोटं मोजते. आठ.
करंगळीकडून मोजते. आठच.
"सोडा राहिला," मी म्हणतो.
"पण तो दिसत नाही."
मी काही शहाणपणाचं बोलणार,
तेवढ्यात तिने चमचाभर सोडा रसात टाकलेला असतो
आणि फेस
कपातून ओट्यावर, ओट्यावरून तिच्या पायांवर.
"दिसला!"

ढवळायचं एकाच दिशेने,
हा नियम तिने आत्ताच केला.
दिशा बदलली की माझ्या मनगटावर चापट.
मग पाऊण तास काचेसमोर मांडी घालून,
भुवईला मैदा, एक शब्द नाही.

चौकोन कापले. सरळ रेघा माझ्या.

पहिला मजला, किरिया अस्पासिया.
"काय हरवलं गं बाई?"
तेक्लाचे ओठ घट्ट.
"माझं विचारशील तर चष्मा,
मेलबर्नला गेलेली बहीण,
आणि दोन्ही गुडघे."
छातीवर क्रूस काढत पुटपुटली,
देव त्या संताच्या आईला क्षमा करो.
जिन्यात प्रश्न: आईने काय केलं होतं?
म्हणतात, बाई कडू होती. कुणाला काही देत नसे.
"केकसुद्धा?"
केकसुद्धा.
तेक्ला पायरीवर थांबली,
सगळ्यात मोठा तुकडा उचलून
ताटलीत सगळ्यांच्या वर ठेवला.

दुसरा मजला, इलीर रंगारी,
कोपरापर्यंत चुना.
"हात असे आहेत," तो म्हणाला,
तेव्हा तिने टाचा उंचावून घास भरवला.
एवढा मोठा माणूस, चावताना डोळे मिटून.

तिसरा मजला.
इथे नको, मी म्हणालो.
झान्नीसशी मी दोन वर्षं बोललो नव्हतो,
पाण्याच्या मीटरवरून.
त्याने मला जे म्हटलं ते मला पाठ आहे,
मी त्याला जे म्हटलं ते जरा कमी.
तेक्लाने बेल दाबून झाली होती.
बनियनवर दार उघडलं.
ताटली पाहिली. तिला पाहिलं.
सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या हातात.
"मिळो गं," तिला म्हणाला.
मग माझ्या चपलांकडे बघत,
"पाणी येतंय का तुमच्याकडे?"
"येतंय."
एवढंच. पण जिना उतरताना
माझा हात उगाच कठड्यावर ताल धरत होता.

संध्याकाळी ताटली दाराशी.
रिकामी नाही. सहा अंजिरं,
एकाला गांधीलमाशीने चाखलेलं.

झोपताना विचारलं, मिळालं का?
खिशातल्या बिया उशीवर काढत,
"काय हरवलं होतं तेच विसरले."
थोडा विचार.
"ते शोधायला उद्या परत करायला लागेल."
मैदा संपलाय, मी म्हणालो.
"झान्नीसकडे माग ना."