भूशिर

"जमिनीचा समुद्रात घुसलेला उंच, निमुळता भाग."
व्याख्या सांगून झाली, मग कडा काढला.
खडू आडवा धरून घासला की झालं,
खडूच्या कड्याला आणखी काय लागतं?
पक्षीही त्याचेच, पांढरे.
समुद्र तेवढा फळ्याचा राहिला, काळा.

नमिता उईके म्हणाली, मॅडम,
खडूचा पहाड खरंच राह्यते का?
असतो, म्हटलं. लाटेखाली ढासळत असतो.
मी तरी कुठे पाहिलाय.
आमच्या झिरो माईलपासून कुठंही निघा,
गाडीत एक रात्र झोपल्याशिवाय
समुद्र येत नाही.

शनिवारी त्यांना जुनापाणीला नेलं, काटोल रोडनं.
पळस गळत आलेला. सागाची वाळकी पानं
पापडासारखी मोडत होती पायाखाली.
माळावर एक टिटवी अंगावर येऊन ओरडायला लागली.
"अंडे असन तिचे," प्रज्वल म्हणाला,
"गोट्यावानीच दिसतेत. पाय पाहून टाका बे."
आणि वर्गात बाक मोडणारी ती चाळीस पोरं
मांजरीसारखी चालू लागली.

शिळावर्तुळं तिथंच, गवतात.
काळे धोंडे, गोल बसवलेले,
आत कोण निजलंय त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.
एका धोंड्यावर ओळीनं खळगे, बोट मावेल एवढे.
पोरांनी बोटं घालून मोजले.
प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.

परतताना, टेकडीच्या उतारावर,
नमिताला गारेचा तुकडा सापडला,
त्यात गोगलगाय. शेंगदाण्याएवढी. दगड झालेली.
"समुद्र! मॅडम, समुद्र होता इथं!"
हो म्हणावं, असं फार वाटलं.
नाही गं. ही गोड्या पाण्यातली.
लाव्हा निवला, तळं साचलं, ही राहायला आली,
मग पुन्हा लाव्हा.
"मंजे अंबाझरी?"
तसंच काहीतरी.
ती जरा हिरमुसली. मग म्हणाली,
"तिले तर तेवढंच पुरलं असन."

खाली गोरेवाड्याचं पाणी चमकत होतं,
त्यात जमिनीची एक जीभ गेलेली,
टोकाला एकटा बगळा.
पुस्तकात तळ्याची सोय नाही,
मी काही बोलले नाही.

सोमवारी फळा कुणी पुसलेला नव्हता.
कड्याच्या पायथ्याशी एक टिटवी आलेली,
पाय पिवळ्या खडूनं.
अंडी कुठायत, विचारलं.
"आहेत नं मॅडम, चार.
पांढऱ्यावर पांढरी काढली."