भुवया

बुन्त्सलाऊच्या वेशीबाहेर
ट्राउगॉट कुंभाराची, म्हणजे माझ्या बाबांची, भट्टी.
दारातल्या विटेत एक भोक, अंगठ्याएवढं,
मातीच्या बुचानं झाकलेलं.
बूच काढून बाबा आत बघत
आणि म्हणत, "अजून दिसताहेत."
म्हणजे सुरया, त्यांच्या कडा, कान.
आच पुरी झाली की आत काहीच दिसत नसे:
सुरई, फळी, भिंत, रंग सगळ्यांचा एकच,
आकार उजेडात विरघळलेले.
मग लाकूड थांबवायचं.

ब्रेसलाऊहून मी सुट्टीला आलो
तो वहीत सगळं जग घेऊन.
चाकाचा वेग, धुरांड्याची ओढ,
गोळा फेकला तर कुठं पडेल,
पुढल्या ऑगस्टातलं ग्रहण, मिनिटासकट.
आई म्हणाली, "गोळा फेकू नकोस."

एकच गणित फसत होतं. त्या भोकाचं.
पोकळीतल्या प्रत्येक लाटेला सारखा वाटा,
असा जुना न्याय;
आणि लाटा तर जितक्या आखूड तितक्या अगणित.
"म्हणजे बूच काढलं," मी बाबांना म्हटलं,
"की जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड बाहेर येणार."
"किती?"
"अनंत."

बाबा वाकले. बूच काढलं.
बराच वेळ बघत राहिले, नारिंगी चेहऱ्यानं.
मग माझ्याकडे वळून
बोटानं आपल्या भुवया चाचपल्या,
डावी, उजवी.
"आहेत," म्हणाले.

मी वही मिटली. त्यांनीच उघडायला लावली.
"तांबड्याच्या अलीकडे, नुसती ऊब असते ना,
तिथं जुळतं?"
"जुळतं."
"मग तिथवर खरं आहे. पुढचं रान कुणी मोजलेलं नाही."
आणि लाकडं आणायला गेले.

पुढे कळलं, उजेड सुटा मिळतच नाही,
गोळ्यागोळ्यांनी घ्यावा लागतो;
आखूड लाटेचा गोळा इतका महाग
की भट्टीला परवडत नाही.
वर्गात सगळे अवाक्.
मला आई आठवली, मातीचे गोळे तोलणारी.
तिनं अर्धी सुरई कधी घडवली नाही.

भट्टी आता नाही. गावाचं नावही बदललं.
बाबांचा ओळंबा तेवढा माझ्याकडे आहे,
शिसं आणि मेणावलेली दोरी.
परवा नव्या बिऱ्हाडात
कपाट सरळ लावायला तो काढला.
थोडा झुलला,
मग जिथं थांबायला हवं
तिथंच थांबला.