सपाट बुडाचं

क्लाक्स्विकच्या धक्क्यावर जाळी वाळत नाहीत,
कमी ओली होतात एवढंच.
शनिवारी दुकान चारला बंद.
आम्ही साडेतीनला पोचलो, पाच जण,
बिस्किटांच्या डब्यात अकरा जणांची वर्गणी,
नोटांना अजून कॉडचा वास.

जुनं यंत्र गेलं मार्चमध्ये,
भर समुद्रात, बार्दुरच्या कॉफीच्या मगाखाली.
तेव्हापासून तो कॉफी उभ्यानेच पितो, दाराबाहेर.
सहा आठवड्यांची फेरी. जाळं, जेवण, झोप, जाळं.
खेळायला काही नसलं की माणसं
एकमेकांच्या चघळण्याचे आवाज मोजू लागतात.

रान्वाने काउंटरवर तीन खोकी मांडली,
शाळेच्या फोटोतल्या भावंडांसारखी.

धाकटं बारीक, पांढरं, बिनतबकडीचं, सगळ्यात स्वस्त.
"खेळ नेटवरून उतरवायचे," ती म्हणाली.
इथेच घोडं पेंड खातं.
तिकडे वर, बर्फाच्या कडेला, नेट म्हणजे
कप्तानाच्या केबिनमधला एक हिरवा दिवा:
हवामानापुरता,
आणि कुणाला मूल झालं तर तेवढ्यापुरता.

मधलं तसंच, पण पोटाला फट.
तबकडी सारा, तबकडी काढा,
दुसऱ्या बोटीवाल्यांशी अदलाबदल करा,
कंटाळा आला की विकून टाका.
माझी बायको म्हणते, जे उसनं देता येतं ते आपलं,
बाकी सगळं भाड्याचं.

थोरल्याकडे हॉग्नी असा बघत राहिला
की मी खोकं फिरवून किमतीची बाजू त्याच्यापुढे केली.
"पाणी बघ यातलं," तो भिंतीवरच्या पडद्याकडे बोट करून म्हणाला,
"एकेक लाट वेगळी."
"लाटा तुला कमी पडतात?" बार्दुरने विचारलं.

तुम्मस अजून बोलला नव्हता.
तो खेळत नाही. कोपऱ्यात जाळं सांधत बसतो
आणि आम्ही खेळताना बघतो.
पण डब्यातली पहिली नोट त्याची.
त्याने तिन्ही यंत्रं बाहेर काढायला लावली,
प्रत्येकाखाली तळहात घातला,
उलटं केलं, होडी विकत घेताना करतात तसं.
थोरलं डौलदार, कडेने वळवलेलं. काउंटरवर ठेवलं तर डुललं.
"याला बूड कुठाय?" तो म्हणाला.

बस्स. लाटा तिथेच संपल्या.

मधल्याला दोनशे क्रोन कमी पडले.
तिघांनी खिसे उलटे केले; एक बटण निघालं, एक गळ.
रान्वाने वर एक वापरलेली तबकडी फुकट दिली,
तिच्या भावाची. पत्रं वाटणारी गोगलगाय.
"तो मोठा झाला आता," ती म्हणाली.

तिसऱ्या रात्री बोट कलायला लागली
आणि तबकडी आतून दात खाऊ लागली.
मी सामानाच्या खोलीतून जुन्या होकायंत्राच्या कड्या आणल्या,
पितळी, एकात एक.
होकायंत्र कधीच गेलं, कड्यांना कुणी विचारत नव्हतं.
त्यात यंत्र टांगलं.
आता बोट डावीकडे जाते, भिंत जाते, पडदा जातो, आम्ही जातो,
ते तेवढं क्षितिजाशी इमान राखून.

मग नवाकोरा महागडा खेळ घातला.
पडद्यावर अक्षरं आली:
आधी नेटला जोडा, एकसष्ट जीबी उतरवा.
नमनाला घडाभर तेल,
आणि घडा किनाऱ्यावर.
बाहेर, खिडकीपलीकडे, एकेक लाट वेगळी होती.

काहीही न मागता सुरू झाली ती गोगलगाय.

रात्रीचे दोन. हॉग्नी, चाळीस वर्षांचा,
दाढीत मीठ, जीभ दातांत धरून
एक पाकीट कुंपणापर्यंत नेतोय.
कुणी चघळत नाहीये.
"उजवीकडे," कोपऱ्यातून तुम्मस म्हणतो,
"निळं दार राहिलं."
त्याच्या हातातली सुई
केव्हाची थांबलेली.